गावातल्या घरावर सोलर बसवताना: बेळगाव-खानापूरकडच्या घरांसाठी पायरी-पायरीनं

सासरे जाऊन अकरा वर्षं झाली तरी आमच्या घराचं लाईट बिल त्यांच्याच नावावर येत होतं. त्यानं कधी कुणाचं काही अडलं नाही. महिन्याला मीटर बघणारा पोरगा यायचा, मशीनमधून चिठ्ठी काढून सासूबाईंच्या हातात द्यायचा आणि त्या ती देव्हाऱ्यामागं खोचून ठेवायच्या. घरावर सोलर बसवायचं ठरलं आणि पहिल्याच अर्जाला हे नाव आडवं आलं. पॅनेल वर चढवून तारा जोडायला दीड दिवस लागला. त्याआधी कागद जुळवण्यात सात महिने गेले.

आमचं गाव जांबोटीच्या बाजूला, खानापूर तालुक्यात. गेल्या वर्षभरात आसपासच्या गावांतली बरीच माणसं 'वहिनी, तुम्ही कसं केलं ते जरा सांगा की' म्हणून विचारायला आली. प्रत्येकाला तेच सांगत होते, म्हणून आता सगळं क्रमानं लिहून काढते आहे. खानापूर, बेळगाव, चिकोडी, निपाणी, यांपैकी तुम्ही कुठलेही असा, वीज कंपनी हेस्कॉमच आणि कागदांची रीतही तीच. ऊन-पाऊस मात्र सगळीकडं सारखा नाही, त्याबद्दल पुढं लिहिलं आहे.

योजनेचं थोडक्यात सांगते. 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' ही केंद्राची योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. देशभरात एक कोटी घरांवर सोलर बसवायचं तिचं उद्दिष्ट आहे. १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० रुपये आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. त्यावर कितीही मोठं बसवलं तरी अनुदान ७८,००० च्या पुढं जात नाही. हे पैसे थेट तुमच्या बँक खात्यात येतात आणि तेही सगळं बसून, तपासणी होऊन, मीटर लागल्यानंतर. म्हणजे सुरुवातीला पूर्ण रक्कम तुम्हालाच उभी करावी लागते. 'फुकट सोलर' म्हणत कुणी दारात आलं तर हे वाक्य आठवा.

१. आधी लाईट बिल वाचा

बिल कन्नडमध्ये येतं म्हणून आपण फक्त खालचा आकडा बघतो. यावेळी ते पूर्ण वाचा. 'हेसरु' म्हणजे नाव. 'खाते संख्ये' म्हणजे खाते क्रमांक. 'आर. आर. संख्ये' हा तुमच्या कनेक्शनचा नंबर, ऑफिसातले अर्ज त्याच्यावर चालतात. 'बळके' म्हणजे वापरलेली युनिट. 'बाकी' तर आपलाच शब्द. घरातली मुलं मराठी शाळेत असली तरी कन्नड शिकतात, त्यातल्या एकाला शेजारी बसवा. आमच्या धाकट्यानं पाच मिनिटांत सगळं वाचून दाखवलं. मंजूर लोड, म्हणजे घराला एका वेळी किती किलोवॅट वीज ओढायची परवानगी आहे, हेही त्याच बिलावर असतं. तो आकडा वहीत उतरवून घ्या.

आता मागच्या बारा महिन्यांची युनिट एका कागदावर मांडा. जुन्या चिठ्ठ्यांची शाई उडालेली असते. मग आर. आर. नंबर घेऊन हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसात जा, तिथून आकडे मिळतात.

हा हिशेब का करायचा? कारण आपल्याकडं कर्नाटक सरकारची वीजमाफीची 'गृहज्योती' योजना आहे. ऑगस्ट २०२३ च्या बिलापासून ती लागू झाली. २०२२-२३ मधला तुमचा महिन्याचा सरासरी वापर आणि त्यावर थोडी वाढ, एवढी वीज माफ. त्या हद्दीच्या वर पण २०० युनिटच्या आत गेलात तर वरच्या फरकाचे पैसे द्यायचे, आणि २०० ओलांडली की त्या महिन्याचं पूर्ण बिल भरायचं.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. ज्यांचं बिल शून्य येतं, त्यांनी बिल वाचवण्यासाठी कर्ज काढून छतावर सोलर बसवू नये. वाचायला तिथं काही नाहीच. गावातल्या निम्म्या घरांची हीच स्थिती असेल, पण विकणारा माणूस हे तुम्हाला सांगणार नाही. आमचं घर नऊ माणसांचं. बोअरची मोटर, फ्रिज, कपड्याचं मशीन, मिक्सर-ग्राइंडर, सगळं धरून महिन्याला २५० युनिट जायची आणि बिल दोन हजारांच्या आसपास यायचं. अशा घराला सोलर परवडतं. तुमचा वापर मधल्या पट्टीत असेल, तर सोलर बसल्यावर गृहज्योतीचा हिशेब कसा धरला जाईल हे अर्जाआधी सेक्शन ऑफिसात लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तरावर पैसे घालू नका.

आणखी एक. शेतातल्या पंपाचं, म्हणजे आय. पी. सेटचं बिल या अर्जाला चालत नाही. कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत आहे, त्याचा आर. आर. नंबर वेगळा असतो. मळ्यातल्या घराला पंपाच्याच लाईनवरून दिवा ओढला असेल, तर आधी घराचं स्वतंत्र कनेक्शन घ्यावं लागेल. शेतीच्या सोलर पंपासाठी 'पीएम कुसुम' ही योजनाच वेगळी आहे, दोन्हींची गल्लत करू नका.

२. छत आणि सावली

एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. आता जे साडेपाचशे वॅटच्या आसपासचे पॅनेल येतात ते साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असतात. एकेकाचं वजन पंचवीस-तीस किलो. २ किलोवॅटला असे चार. स्लॅब असेल तर प्रश्न नाही. कौलारू घरावर बसवायचं तर वासे-रिपांची ताकद सुताराला दाखवा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर तर चढूच देऊ नका, पाय टाकला की तो तडकतो. आमचं पुढचं घर मंगलोरी कौलांचं आहे, मागं स्वयंपाकघराचा स्लॅब पडला आहे, तिथंच पॅनेल बसले. स्लॅब नसेल तर परड्यात लोखंडी मांडव उभा करता येतो, खर्च वाढतो पण छप्पर वाचतं.

पॅनेलचं तोंड दक्षिणेला हवं आणि उतार पंधरा-सोळा अंशांचा. बेळगाव जवळजवळ १६ अक्षांशावर आहे, म्हणून एवढाच.

खरी गोम सावलीत आहे आणि आम्ही तिथंच चुकलो असतो. पाहणीला माणूस आला तो मे महिन्यात. मे महिन्यात आपल्याकडं सूर्य दुपारी थेट डोक्यावर असतो, सावली पायाखाली. तो म्हणाला, 'क्लिअर आहे मॅडम'. स्लॅबच्या दक्षिणेला आमचा फणस आहे. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, 'खरं पौषात त्या स्लॅबवर माझे सांडगे वाळत नाहीत की ग. दुपारपर्यंत सावली असते फणसाची.' सगळा मुद्दा त्या एका वाक्यात होता. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडं कलतो. भर दुपारी बारालासुद्धा वीस फुटी झाडाची सावली सोळा फूट पडते, सकाळी नऊला त्याहून कितीतरी लांब. पावसाळा सरल्यावरचे हेच कोरडे महिने विजेसाठी चांगले, आणि नेमकी तेव्हाच सावली.

थोड्या सावलीनं काय बिघडतं, असं वाटेल. पॅनेल एकामागं एक जोडलेले असतात, पाटाच्या पाण्यासारखे. पाटात एका ठिकाणी माती ढासळली की पुढचं सगळंच पाणी अडतं. तसं एका पॅनेलवर फांदीची सावली आली तरी सगळ्या ओळीची वीज घटते. आम्ही पॅनेल स्लॅबच्या उत्तरेकडच्या कडेला सरकवले आणि फणसाच्या दोन फांद्या उतरवल्या. झाड राखलं. तुमच्या घरात जी बाई छतावर वाळवण घालते तिला विचारा, कुठल्या महिन्यात कुठं ऊन असतं हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

आता पावसाबद्दल. १ किलोवॅटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला चार युनिट देतात. अथणी, चिकोडी, निपाणीकडं हा हिशेब बराचसा खरा ठरतो. कणकुंबी, जांबोटी, आमगाव, गवाळी या पट्ट्यात जून ते सप्टेंबर सूर्य दिसणंच मुश्किल. आमचे २ किलोवॅटचे पॅनेल जुलैत दिवसाला तीन युनिटसुद्धा कसेबसे देतात. विक्रेत्याच्या छापील तक्त्यात हे नसतं. आमच्या बाजूच्यांनी वर्षाचा हिशेब आठ महिन्यांच्या उन्हावर करावा.

३. कागद जुळवणे

सगळ्यात जास्त वेळ इथं जातो. पॅनेलची चौकशी करण्याआधी हे काम हातात घ्या.

हे कागद लागतील:

- अलीकडचं लाईट बिल, बाकी शून्य असलेलं
- ज्याच्या नावावर मीटर आहे त्याचं आधार आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबर
- त्याच नावाचं बँक पासबुक किंवा रद्द केलेला चेक, खातं आधारशी जोडलेलं
- पंचायतीचा घराचा उतारा, म्हणजे ई-स्वत्तुचे फॉर्म ९ आणि ११
- चालू वर्षाची घरफाळ्याची पावती
- छताचा फोटो
- कर्ज घ्यायचं असेल तर पॅन कार्ड आणि उत्पन्नाचा पुरावा

बिल, आधार आणि बँक, या तिन्हींवर नाव एकच पाहिजे. आपल्याकडं अडतं ते इथंच. नाव आपण मराठीत सांगतो, कारकून ते कन्नडमध्ये लिहितो, मग कुणीतरी ते इंग्रजीत टाईप करतो. 'धोंडिबा'चा 'दोंडिबा' होतो, 'भैरू'चा 'बैरू'. इंग्रजीत कुठं एच राहतो, कुठं गळतो. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर आडनावाच्या जागी बापाचं नाव. तोंडानं म्हटलं तर सगळं एकच, पण संगणकाला ती तीन वेगळी माणसं दिसतात.

माझा सल्ला: आधार हा पाया धरा आणि बाकीचे कागद त्याच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. उलट केलंत, म्हणजे बिलाप्रमाणे आधार बदलायला गेलात, तर रेशन, बँक, पेन्शन सगळीकडं नवा गोंधळ सुरू होतो. आमच्या शेजारच्या काकांनी तसं केलं आणि त्यांची पेन्शन दोन महिने अडकली.

मीटर मयत माणसाच्या नावावर असेल तर नावबदल करावाच लागतो. त्याचा क्रम असा:

पहिलं, मृत्यूचा दाखला. नसेल तर तिथूनच सुरुवात.

दुसरं, नाडकचेरीतून, म्हणजे तहसीलखालच्या महसूल कार्यालयातून, वंशावळ. तिथं 'वंशवृक्ष' म्हणाल्यावर लगेच समजतं. अर्ज देताना सगळ्या वारसांची नावं सांगा, लग्न होऊन गेलेल्या मुलींचीसुद्धा. माझ्या मोठ्या नणंदेचं नाव आम्ही सांगायला विसरलो आणि सगळं पुन्हा करावं लागलं. विसरलो हे तिला कळलं तेव्हा ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मला अजून दिसतो. अशा कागदातून लेकीचं नाव गळणं ही साधी चूक नव्हे.

तिसरं, मीटर एकाच्या नावावर करायला बाकी वारसांची हरकत नाही असं स्टॅम्प पेपरवर संमतीपत्र. भाऊ पुण्या-मुंबईला किंवा गोव्याला असतील तर गणपतीला घरी येतात तेव्हाच सह्या उरकून घ्या. त्यानंतर गाठणं कठीण.

चौथं, पंचायतीचा उतारा. जुन्या गावठाणातल्या घरांची ई-स्वत्तुला नोंद नसेल तर पीडीओंना, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना, भेटून अर्ज द्यावा लागतो, जागेची मापं होतात, वेळ लागतो. आमचे चार महिने इथंच गेले.

हे चारही घेऊन सेक्शन ऑफिसात नावबदलाचा अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का आणि तारीख असलेली झेरॉक्स. आमचा पहिला अर्ज कुठं गेला ते कुणालाच सांगता आलं नाही आणि आमच्याकडं पोच नव्हती. दुसऱ्यांदा प्लास्टिकच्या फाईलीत प्रत्येक कागदाच्या तीन प्रती घेऊन गेले आणि पोच हातात पडेपर्यंत टेबलापासून हलले नाही.

भाषेची भीती बाळगू नका. आपल्या भागातल्या ऑफिसांत मराठी कळणारं कुणी ना कुणी असतंच. अर्ज कन्नडमध्ये लिहून हवा असेल तर 'ग्राम वन' (Grama One) या सरकारी सेवा केंद्रात लिहून मिळतो. सही करण्याआधी तो मोठ्यानं वाचून, मराठीत अर्थ सांगायला लावा. न समजलेल्या कागदावर सही नको, मग लिहून देणारा कितीही ओळखीचा असो.

४. किती किलोवॅट, आणि लाईट गेल्यावर काय?

सगळे विक्रेते ३ किलोवॅट सांगतात, कारण अनुदानाचा आकडा तिथं सगळ्यात मोठा दिसतो. पण तुम्ही वापरापेक्षा जास्त वीज केलीत तर उरलेली हेस्कॉमला जाते आणि तिचा दर आपण घेतो त्या दरापेक्षा पुष्कळ कमी मिळतो. वीज विकून पैसे कमवायचा हा धंदा नव्हे. महिन्याच्या युनिटांना १२० नं (एका किलोवॅटची दिवसाला चार युनिट गुणिले तीस दिवस) भागा, येईल तेवढे किलोवॅट पुरेत. आमचे २५० भागिले १२०, म्हणून दोन. पॅनेलची क्षमता मंजूर लोडपेक्षा जास्त झाली तर लोड वाढतो आणि त्यासोबत बिलातला स्थिर आकारही वाढतो, हेही धरून चाला.

आता ज्यावरून सगळ्यात जास्त निराशा होते ते. साधं ऑन-ग्रिड, म्हणजे हेस्कॉमच्या लाईनला जोडलेलं, सोलर लाईट गेल्यावर बंद पडतं. भर उन्हातसुद्धा. पॅनेल तळपत असतात आणि घरात पंखा फिरत नाही. हा बिघाड नव्हे. लाईनमन खांबावर चढून काम करत असताना तुमच्या छतावरची वीज उलटी तारेत गेली तर त्याचा जीव जाईल, म्हणून पुरवठा थांबताक्षणी सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारी पेटी, स्वतः बंद होतो. तसाच इन्व्हर्टर घ्यायचा, आणि 'जुगाड करून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवायचा.

अंधारात दिवे हवे असतील तर बॅटरी आणि तिच्यासोबत चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. बॅटरीला अनुदान नाही, आणि काही वर्षांनी ती बदलावी लागते. आमच्याकडं पावसात तारेवर झाड पडलं की दोन-दोन दिवस वीज नसते, तरी आम्ही सोलरला बॅटरी घेतली नाही. घरातला आधीपासूनचा बॅटरीवाला छोटा इन्व्हर्टर चार दिव्यांना पुरतो.

भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांची गोष्ट मात्र वेगळी. तिथं बिल वाचवण्याचा प्रश्नच नाही, रात्री दिवा लागण्याचा आहे. अशा घरांनी या योजनेच्या मागं न लागता एक-दोन छोटे पॅनेल, एक बॅटरी, तीन-चार एलईडी दिवे आणि मोबाईल चार्जिंग एवढाच संच घ्यावा. त्याला हेस्कॉम लागत नाही, आलेली-गेलेली वीज मोजणारा नेट मीटर लागत नाही. कर्नाटकात हे काम जुनं आहे. हरीश हांडे यांनी १९९५ मध्ये सेल्को ही सोलर कंपनी सुरू केली ती असेच घरगुती दिवे खेड्यांत पोचवायला आणि त्यासाठी ग्रामीण बँकांना छोटी कर्जं द्यायला तयार केलं. २०११ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजही अशा संचासाठी आधी गावाजवळच्या ग्रामीण बँकेत विचारा.

आणि गोठ्यात तीन-चार जनावरं असतील तर सोलरच्या आधी गोबर गॅसचा विचार करा. रोज पन्नासेक किलो शेण असेल तर २ घनमीटरचं संयंत्र चार-पाच माणसांचा स्वयंपाक उरकतं. लाकडाच्या भाऱ्यांनी मान मोडलेल्या बायका आमच्या तालुक्यात अजून आहेत. त्यांना विजेपेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

५. अर्ज

पीएम सूर्यघरच्या सरकारी पोर्टलवर किंवा त्याच नावाच्या ॲपवर नोंदणी होते. राज्य कर्नाटक, जिल्हा बेळगावी, कंपनी हेस्कॉम, मग बिलावरचा खाते क्रमांक. मोबाईलवर ओटीपी येतो. मिळत्याजुळत्या नावाच्या खोट्या साइट बऱ्याच आहेत, पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' (gov.in) असल्याशिवाय काही भरू नका. अर्जाला फी नाही. कुणी 'रजिस्ट्रेशन चार्ज' मागितला तर तो त्याच्या खिशात जातो.

१० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला आता वेगळ्या तांत्रिक तपासणीची वाट बघावी लागत नाही, तो मंजूर धरला जातो. इथं तरी वेळ वाचतो.

कर्ज हवं असेल तर ३ किलोवॅटपर्यंत तारण न ठेवता मिळतं, व्याज रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला जोडलेलं असतं, म्हणून साध्या वैयक्तिक कर्जापेक्षा बरंच कमी. बँकेत जाताना 'सूर्यघरचं कर्ज' असंच म्हणा. मी नुसतं 'सोलरचं कर्ज' म्हटलं आणि समोरच्यानं मला जास्त व्याजाच्या कर्जाचा फॉर्म दिला होता.

६. विक्रेता निवडणे

पोर्टलवर नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडूनच बसवलं तर अनुदान मिळतं. जिल्ह्याची यादी तिथंच दिसते. किमान तिघांकडून लेखी दर घ्या. बाजारात ३ किलोवॅटला दीड ते दोन लाखांच्या दरम्यान सांगतात. कोटेशनवर एवढं लिहिलेलं असलंच पाहिजे: पॅनेलची कंपनी आणि वॅट, 'डीसीआर' हा शब्द, इन्व्हर्टरची कंपनी, स्ट्रक्चर कसलं (गॅल्वनाइज्ड हवं, आमच्या पावसात नुसता रंग मारलेला अँगल दोन वर्षांत गंजतो), अर्थिंग किती, आणि पाच वर्षांची देखभाल. डीसीआर म्हणजे सेलपासून पॅनेलपर्यंत भारतात बनलेलं. ते नसेल तर अनुदान नाही. दुसरे स्वस्त पडतात म्हणून काही जण तेच खपवतात.

पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका. आम्ही तीन हप्ते ठरवले: माल अंगणात उतरल्यावर, बसवून झाल्यावर, आणि शेवटचा नेट मीटर लागल्यावर. शेवटचा हप्ता हातात होता म्हणूनच मीटरसाठी त्यांनी धावपळ केली, असं मला वाटतं. जवळपास कुणाकडं त्यांनीच बसवलेलं असेल तर तिथं जाऊन एकच विचारा: 'बंद पडल्यावर किती दिवसांत आले?'

७. बसवतात त्या दिवशी

त्या दिवशी घरातलं एक शहाणं माणूस छतावर हवं. पॅनेल उतरल्यावर पाठीमागच्या लेबलचे फोटो काढा. त्यावरचे सिरियल नंबर डीसीआर प्रमाणपत्राशी जुळले पाहिजेत.

अर्थिंगपाशी स्वतः उभं राहा. तीन वेगळे खड्डे लागतात: एक वीज पडण्यापासून वाचवणाऱ्या अरेस्टरचा, एक पॅनेलच्या बाजूचा, एक घराच्या लाईनच्या बाजूचा. आमच्याकडं दोन पोरं आली होती, ऊन रणरणत होतं, जांभा फोडताना पहार उडत होती. त्यांनी एकच खड्डा खणला आणि तिन्ही पट्ट्या त्यातच सोडल्या. मी बघत होते, पण मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढच्या चैत्रात पहिला वळीव आला, परड्यापलीकडच्या माडावर वीज पडली आणि आमच्या इन्व्हर्टरचा पडदा काळा पडला. विक्रेता म्हणाला, विजेचं नुकसान वॉरंटीत बसत नाही. दीड महिना सगळं बंद होतं आणि पैसे आमच्याच खिशातून गेले. आता तीन खड्डे आहेत, एकमेकांपासून दहा-दहा फुटांवर. उन्हाळ्यात मी त्यांत बादलीभर पाणी ओतते.

तारा उघड्या ठेवू देऊ नका, पाईपमधूनच न्यायला सांगा, खारी आणि उंदीर कुरतडतात. इन्व्हर्टर भिंतीवर, सावलीत, पोरांचा हात पोचणार नाही असा. जिथं वानरांचा त्रास आहे तिथं पॅनेलच्या खालच्या मोकळ्या जागेला जाळी मारून घ्या.

८. तपासणी, मीटर आणि अनुदान

बसवून झाल्याची माहिती विक्रेता पोर्टलवर भरतो. मग हेस्कॉमची माणसं येऊन बघतात आणि दोन्ही बाजूंनी मोजणारा नेट मीटर लागतो. तो लागेपर्यंत सोलर चालू करू नका. जुन्या काही मीटरमध्ये बाहेर गेलेली वीजसुद्धा तुमच्याच वापरात मोजली जाते आणि बिल कमी व्हायच्या जागी वाढतं. चालू केल्याचा दाखला पोर्टलवर आला की तुम्ही स्वतः आत जाऊन बँकेचा तपशील भरायचा आणि अनुदानाची मागणी नोंदवायची. बरेच जण हे विसरतात आणि पैसे आले नाहीत म्हणून वाट बघत राहतात. साधारण तीस दिवसांत रक्कम जमा होते. नवं पहिलं बिल आलं की त्यावर आलेली आणि गेलेली अशी दोन्ही युनिट आहेत ना, हे तपासा. चूक वाटली तर १९१२ वर तक्रार करून तिचा नंबर लिहून ठेवा.

९. पुढची देखभाल

पॅनेलला फार काही लागत नाही, पण धुवावे लागतात. आमच्याकडं मार्च-एप्रिलात लाल धूळ बसते. उसाच्या पट्ट्यात पाचट पेटवलं की काळी काजळी येते, ती नुसत्या पावसानं जात नाही. सूर्य वर यायच्या आत, काच थंड असताना, साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं पुसा. साबण नको. दुपारच्या तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते. बोअरचं पाणी जड असेल तर पांढरे डाग राहतात, पावसाचं साठवलेलं पाणी वापरा.

दिवाळीनंतर एकदा वर चढून नट-बोल्ट, अर्थिंगच्या जोडावरचा गंज आणि वाढलेल्या फांद्या बघा. आमच्या देव्हाऱ्यामागं आता चिठ्ठ्यांच्या जागी एक वही आहे. संध्याकाळी दिवा लावून झाला की सासूबाई इन्व्हर्टरपाशी जातात, चष्मा वर-खाली करत त्या दिवसाची युनिट वाचतात आणि मी ती लिहून ठेवते. काल साडेआठ होती. आकडा दोन-तीन दिवस उगाच घसरलेला दिसला की त्याच मला छतावर पिटाळतात, आणि बहुतेक वेळा वर फणसाचं एखादं मोठं पान चिकटलेलं सापडतं.